माळ डोळ्यांत मावत नाही, मग फोटोत का हरवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत एक जोडपं गाडी घेऊन पुण्याहून निघालं आणि सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती, फलटण, दहिवडी, म्हसवड करत दोन दिवसांत पंढरपूरला पोचलं. सोबत नवा फुल-फ्रेम कॅमेरा आणि या सफरीसाठी मुद्दाम घेतलेली १६-३५ मिमीची वाइड लेन्स (हा आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य चौकटीत मावतं; जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं). साडेसातशे फोटो काढले. ते लिहितात, 'बघताना छाती भरून येत होती. घरी येऊन बघतो तर वर अर्धं आकाश, खाली अर्धी माती आणि मध्ये एक रेघ. लेन्स चुकली का? की माळ फोटोत येतच नाही?'

माळ फोटोत येतो. मी बावीस वर्षं याच पट्ट्यात फोटो काढते आहे आणि पहिली चार-पाच वर्षं माझेही फोटो असेच यायचे. तुम्ही पाठवलेले बारा फोटो मी नीट पाहिले. बाराही फोटोंत तीन गोष्टी सारख्या आहेत. सगळे १६ ते २० मिमीवर काढलेत, सगळे सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मधले आहेत आणि सगळ्यांत खालच्या कडेला डांबर किंवा साइडपट्टीची खडी दिसते आहे. म्हणजे गाडीतून उतरून दोन पावलांवर उभं राहून काढलेत. लेन्स विकायची घाई करू नका. या तीन सवयी बदलल्या तर तुमचा हाच कॅमेरा पुरेसा आहे.

आधी मुळाशी जाऊ. माळावर उभं राहिलं की आपण एका ठिकाणी टक लावून बघत नसतो. नजर पायाखालच्या कुसळी गवतावरून निघते, मेंढरांच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर क्षणभर टेकते, तिथून एखाद्या बांधावरच्या बाभळीवर जाते आणि मग पार शंभू महादेवाच्या डोंगररांगेपर्यंत पोचते. मान फिरत असते, वारा कानाशी घोंघावत असतो. हे सगळं मिळून 'केवढं मोकळं आहे!' असं वाटतं. फोटोत मान फिरवता येत नाही आणि वाराही नसतो. म्हणून नजरेला जायला एक वाट द्यावी लागते आणि त्या वाटेवर टेकायला दोन-तीन जागा द्याव्या लागतात. तुमच्या फोटोंत नजर खालच्या खडीवरून उडते ती थेट क्षितिजावर आदळते. मधल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये तिला धरायला काही नाही, म्हणून ते अंतर जाणवतच नाही.

अंतर जाणवतं ते ओळखीच्या वस्तूंनी. माणूस केवढा असतो, गाय केवढी असते, विजेचा खांब, एसटी, हिवराचं झाड केवढं असतं हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. ती वस्तू चौकटीत बारीक दिसली की भोवतीचा माळ आपोआप मोठा होतो. मी याला 'माप ठेवणं' म्हणते. लोक तारा-खांब टाळायला धडपडतात. मी पुष्कळदा खांब मुद्दाम घेते, कारण एकामागे एक लहान होत गेलेले खांब हे उघड्या जमिनीवरचं सगळ्यात प्रामाणिक माप आहे.

आता लेन्सबद्दल. वाइड लेन्समध्ये सगळं मावतं, म्हणून मोकळेपणाही मावेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं आणि का, ते मला एका हिवराने शिकवलं.

मोगराळे घाट चढून दहिवडीकडे जाताना एका कच्च्या वाटेला हे झाड आहे. एकटंच, जेमतेम पाच मीटर उंच, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं. मागे सहा-एक किलोमीटरवर सपाट माथ्याची डोंगराची भिंत, पायथ्यापासून साधारण दीडशे मीटर उंच. पहिल्या वर्षी मी झाडापासून दहा मीटरवर उभी राहिले आणि १६ मिमीवर फोटो घेतला. झाड झुडपासारखं ताणलं गेलं आणि डोंगर पार गायब झाला. हिशेब केला तर लक्षात येतं की त्या लेन्सवर तो डोंगर चौकटीच्या उंचीचा फक्त साठावा हिस्सा होतो. ती जी मधली 'एक रेघ' तुम्ही म्हणता, ती हीच.

पुढच्या वर्षी त्याच झाडापासून मी मागे चालत गेले. अडीचशे-पावणेतीनशे पावलं, म्हणजे सुमारे दोनशे मीटर. तिथून बघितलं तर झाड आणि डोंगर उंचीला जवळजवळ बरोबरीचे दिसत होते. पाच मीटरचं झाड दोनशे मीटरवर आणि दीडशे मीटरचा डोंगर सहा किलोमीटरवर, दोन्हींचं प्रमाण एकच. मग १३५ मिमीची लेन्स लावली. आता दोघेही चौकटीच्या सातव्या हिश्शाएवढे झाले आणि बाकी सगळी जागा पिवळ्या गवताला आणि आकाशाला राहिली. चौकटीत आलेला भूभाग पहिल्या फोटोपेक्षा कितीतरी कमी होता. तरी ज्याला दाखवला तो पहिल्यांदा हेच म्हणाला, 'बापरे, केवढा माळ आहे हा!'

तेव्हा सफरीवर निघताना १६-३५ सोबत असू द्या, पण एखादी साधी ७०-२०० किंवा ७०-३०० घ्या. भाड्याने मिळते, जुनी मिळते, खूप उजेड घेणारी महागडी नको. माझे या पट्ट्यातले ज्यांचे प्रिंट काढावेसे वाटले असे निम्म्याहून जास्त फोटो ७० ते १५० मिमीमधले आहेत. वाइड लेन्स मी तेव्हाच काढते जेव्हा पायाशी खरंच काही असतं: कासच्या पठारावर सप्टेंबरात जांभ्यावर आलेली फुलं, सडावाघापूरच्या पठारावर खडकाच्या खळग्यात साचलेलं पाणी, किंवा उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळ्याचा तळ. तेव्हा गुडघ्यावर बसा, त्या गोष्टीच्या एक-दीड मीटर जवळ जा. २४ मिमीवर, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून सुमारे अडीच मीटरवर फोकस केला तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्यासाठी एफ २२ वर जायची गरज नाही. तिथे तपशील मऊ पडतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात डाग होऊन उमटतो.

दुसरी गोष्ट उंचीची. यावर फार कमी बोललं जातं आणि मला ती लेन्सइतकीच महत्त्वाची वाटते. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांना क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. तीच व्यक्ती साठ मीटरच्या टेकडीवर चढली तर ते सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर जातं. पण खरा फायदा क्षितिजाचा नाही, मधल्या जमिनीचा आहे. खालून बघताना ती सगळी एका रेघेत दुमडलेली असते. वर गेलं की उलगडते: शाळूचा तुकडा, मग बांध, मग मोकळं रान, मग ओढ्याकाठच्या बाभळी, मग वस्ती. नजरेला हवी असलेली वाट ती हीच. टेकडी नसेल तर बांधावर चढा, पुलाच्या कडेच्या भरावावर उभं राहा. एका मीटरनेही फरक पडतो. जेजुरीला गडाच्या पायऱ्या चढताना सगळ्यांचा कॅमेरा भंडाऱ्याकडे असतो. जरा मागे वळून खालच्या मैदानाकडे बघा. मोगराळे घाटाचा माथा तर यासाठीच केलेला वाटतो. खाली फलटणचा नीरा उजव्या कालव्याने हिरवा केलेला उसाचा पट्टा आणि घाट चढून वर आलात की माण तालुक्याचं कोरडं रान. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून पक्षी उडेल तसं शंभर किलोमीटरच्याही आत असलेल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या पाठीमागची ही पर्जन्यछाया त्या घाटात एका वळणावर डोळ्यांना दिसते. तुम्ही पाठवलेल्या बारांत तिथला एकही फोटो नाही याची मला हळहळ वाटली.

तिसरी सवय उजेडाची. सपाट जमिनीला स्वतःचा आकार फारच थोडा असतो. जो असतो तो सावलीने दिसतो: नांगरटीच्या सऱ्या, मेंढरांच्या पायवाटा, दगडांचे ढीग, गवताचा प्रत्येक झुबका. सूर्य ४५ अंशांवर असला की सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते. १० अंशांवर आला की साडेपाच पटींहून लांब, ५ अंशांवर अकरा पटींहून लांब. म्हणजे वीतभर गवतही तेव्हा हातभराहून लांब सावली टाकतं आणि जो माळ दुपारी पोत्यासारखा सपाट दिसत होता त्यावर उंचसखल उमटायला लागतं. तुमचे फोटो काढले गेले त्या दिवसांत भर दुपारी सूर्य आपल्याकडे पंचावन्न अंशांच्या आसपास असतो. मेच्या मध्यावर तर पुण्यात दुपारी सावली पायाखालीच सापडते. त्या उजेडात कुणीही माळाचा फोटो काढला तरी तो तुमच्यासारखाच येईल.

यात आपल्या मुलखाची एक अडचण आहे. परदेशी शिक्षकांचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की संध्याकाळचा सोनेरी उजेड तास-दीड तास पुरतो. त्यांच्या उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. १० अंशांवरून क्षितिजाला टेकायला त्याला जेमतेम पाऊण तास लागतो आणि त्यानंतरचा उजेडही वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंशांची असते. मुठीची खालची कड क्षितिजावर ठेवल्यावर सूर्य वरच्या कडेवर आला की समजा, आता पाऊण तास आहे. त्या पाऊण तासात गाडी चालवत असाल, जागा शोधत असाल, तर दिवस संपला. जागा दुपारीच हेरून ठेवलेली हवी.

म्हणूनच माझं सगळ्यात मोठं सांगणं हे की अंतर कमी करा. दोन दिवसांत पंढरपूर गाठायचं ठरवलं की सकाळ-संध्याकाळ गाडीत जाते आणि मधली टळटळीत दुपार फोटोला उरते. तीस-चाळीस किलोमीटरचा एकच पट्टा निवडा. दुपारी त्यावर जा-ये करा, फाट्यांवर वळून बघा, कुठे एकटं झाड आहे, कुठून डोंगर मोकळा दिसतो, कुठे तारा आडव्या येतात. मोबाइलवर साधा फोटो काढून जागेची खूण ठेवा. मग चार-साडेचारला पोहे-चहा उरकून ठरलेल्या जागी जाऊन बसा.

रस्त्याची दिशाही बघा. फलटण ते दहिवडी हा रस्ता साधारण उत्तर-दक्षिण आहे. संध्याकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन उजव्या हाताने येतं आणि सगळा माळ बाजूने उजळतो. दहिवडीहून म्हसवड-पंढरपूरकडे रस्ता पूर्वेला वळतो. तिथे सकाळी सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी पाठीमागे. पाठीमागचा उजेड रंग छान दाखवतो, पण सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन पुन्हा चपटी होते. अशा वेळी रस्ता सोडा, दोनशे पावलं उत्तरेला किंवा दक्षिणेला आत जा आणि आडवं बघा.

थांबायचं कसं, तेही सांगते. महामार्गावर साइडपट्टीला गाडी लावून फोटो काढू नका. द्रुतगती मार्गावर तर नाहीच. फाटा आला की आत वळा, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या आणि इंजिन बंद करा. इंजिनाची थरथर गाडीला टेकवलेल्या कॅमेऱ्यात उतरते. तापलेल्या बॉनेटवरून फोटो घेऊ नका, वरची गरम हवा चित्र हलवते. एसीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर दमट हवेत धुकं धरतं. माझी एका जुलैतली संपूर्ण सकाळ ठोसेघरच्या वरच्या पठारावर अशी गेली. ढग फाटून दहा मिनिटं ऊन आलं, मी काच पुसत राहिले, ऊन गेलं. तेव्हापासून उतरायच्या पंधरा मिनिटं आधी मी एसी बंद करते, काचा खाली घेते आणि कॅमेऱ्याची बॅग उघडून ठेवते.

हवेबद्दल बोलायला मला सगळ्यात आवडतं, कारण माळाचा फोटो अर्धा हवेचाच असतो. परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरात धूळ धुऊन निघालेली असते. गवत वरून पिवळं, बुडाशी अजून हिरवट. लांबचा डोंगर इतका जवळ वाटतो की त्याच्या अंगावरच्या आडव्या रेघा मोजता येतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांच्या पायऱ्या आहेत त्या. दख्खनच्या डोंगरांचे माथे सपाट का, हे त्या उजेडात सांगावं लागत नाही. नोव्हेंबरपासून सकाळी थंड हवा खाली बसते, गाळप हंगाम सुरू झालेला असतो, उसाचं पाचट जळत असतं आणि धूर जमिनीलगत पसरतो. पुष्कळ जण तेव्हा वैतागून कॅमेरा ठेवतात. तुम्ही ठेवू नका. ७०-२०० सारखी मोठी लेन्स लावा आणि उजेडाच्या दिशेने बघा. एकामागची एक डोंगररांग फिकी होत गेलेली दिसते आणि तेही एक मापच आहे.

आणि वळीव! एप्रिल-मेच्या दुपारी ढग बांधत जातात, चारच्या सुमाराला पूर्वेला आकाश काळंनिळं होतं आणि पश्चिमेला मात्र ऊन मोकळं असतं. अशा वेळी जमीन आकाशापेक्षा उजळ दिसते. एरवी आपण आकाश पांढरं पडतं म्हणून रडतो, तेव्हा उलट होतं. पिवळं रान पेटल्यासारखं आणि मागे काळा ढग. हे पाच-दहा मिनिटं टिकतं. त्या क्षणी क्षितिजाची रेघ खाली घ्या, चौकटीचा तीन चतुर्थांश भाग ढगाला द्या. विजा जवळ आल्या की मात्र निमूट गाडीत बसा. उघड्या माळावर उभं राहिलेलं माणूस आणि तिपाई या दोनच उंच वस्तू असतात आणि कुठलाही फोटो त्या जोखमीचा नाही. एकट्या झाडाखालीही थांबू नका.

दुपारबद्दल आणखी एक. तुमचे दोन-तीन फोटो लांबवर मऊ आलेत, तुम्ही फोकसला दोष दिलाय. तो फोकसचा दोष नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठत असते आणि तिच्यातून चार-पाच किलोमीटरवरचा डोंगर थरथरतो. मोठ्या लेन्सवर हे आणखी वाढतं. कितीही महाग लेन्स घेतली तरी ते जात नाही, उन्हं उतरल्यावरच जातं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगवर मी जास्त वेळ घालवणार नाही. रॉमध्ये काढा, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये. एफ ८, सर्वांत कमी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), आणि वारा असेल तर शटर १/२५० किंवा त्याहून जलद, नाहीतर गवत पुसट येतं. आकाशातला उजळ भाग जळू देऊ नका. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटला की एक्स्पोजर खाली आणा, सावल्या नंतर उघडता येतात. पोलरायझर फिल्टर ७० मिमीच्या पुढे जरूर वापरा, ओल्या गवताची आणि खडकाची चकाकी काढतो. पण १६ मिमीवर तो काढून ठेवा, आकाशात एका बाजूला गडद पट्टा येतो. तुमच्या चार फोटोंत तो आलाय. लेन्स बदलायची तर काचा वर करून, एसीचा पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. माळावरची धूळ पिठासारखी बारीक असते. तिपाईऐवजी मी बरेचदा दीड-दोन किलो तांदळाची घट्ट शिवलेली पिशवी अर्ध्या खाली केलेल्या काचेवर ठेवते. वाऱ्यात ती जास्त भरवशाची.

सोबतीच्या मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी: काच पदराने नाही, स्वच्छ कापडाने पुसा. ०.५ च्या लेन्सचा मोह टाळा, १ किंवा २-३ वर काढा. क्षितिजाजवळच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं गडद करा. पॅनोरमा काढायचाच असेल तर फोन उभा धरून, हळू आणि एका पातळीत फिरवा, सरळ रस्ता मात्र त्यात घेऊ नका, तो धनुष्यासारखा वाकतो. कॅमेऱ्यावर करायचा असेल तर ५०-७० मिमीवर पाच-सहा उभे फोटो घ्या, प्रत्येकाचा एक तृतीयांश भाग मागच्यावर येऊ द्या, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल ठेवा. डोंगरही मोठा राहतो आणि माळही रुंद येतो. मला विचाराल तर वाइड लेन्सचं निम्मं काम यानेच होतं.

आता माळावर वागायचं कसं, यावर थोडं, कारण याबाबतीत मला फार काळजी वाटते. माळ रिकामा दिसतो, तो रिकामा नसतो. चंडोल, धाविक, तितर ही पाखरं जमिनीवरच घरटं करतात आणि अंडी मातीच्याच रंगाची असतात. जीप गवतात घालून मागे चाकोऱ्यांचा फोटो काढायची हल्ली टूम निघालीय. त्या चाकोऱ्या पुढच्या पावसापर्यंत आणि कधी कधी त्यानंतरही बुजत नाहीत. आहे त्याच वाटेवर राहा आणि पुढे पायी जा. जाताना जाड पँट आणि बूट घाला, कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि संध्याकाळभर टोचतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य तुमच्या वाटेच्या जवळच होतं. पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. सोलापूरकडे गेलात तर नान्नज, जिथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. दोन्हीकडे वन विभागाची परवानगी घेऊनच आत जा आणि ड्रोन तर बॅगेतूनही काढू नका. शाळूच्या, कांद्याच्या वावरात शिरायचं असेल तर आधी वस्तीवर हाक द्या. 'दादा, बांधावरून जाऊ का?' एवढं विचारलं की बहुतेक जण स्वतःच वाट दाखवायला येतात.

तुमच्या बारा फोटोंतला एक मी बाजूला काढून ठेवलाय. सातवा. त्यात डाव्या कडेला, जवळजवळ कापला गेलेला, एक धनगर आहे आणि त्याच्यामागे सामान लादलेलं घोडं. दिवाळीच्या आगेमागे इथली धनगर कुटुंबं बिऱ्हाड घोड्यांवर घालून कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याआधी परततात. तुम्ही नेमके त्याच दिवसांत तिथे होतात. तुम्ही डोंगर घेत होतात आणि माप कडेने निघून चाललं होतं. तो फोटो आहे तसाही मला आवडला. त्याला डावीकडे आणखी जागा असती, वेळ संध्याकाळची असती, तर मेंढरांच्या खुरांनी उडालेली धूळ उजेडात आली असती.

पुढच्या वेळी असं करून बघा. फलटणला मुक्काम करा. दुपारी मोगराळे घाट चढून वर या आणि दहिवडीपर्यंतचा पट्टा सावकाश बघून ठेवा. फाट्यावरच्या टपरीवर चहा घ्या आणि मेंढरं कुठे बसलीत ते विचारा, तिथे ठाऊक असतं. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, गेलात तर कॅमेरा गळ्यात राहू द्या, लांबूनच हाक द्या, कारण कुत्री आधी येतात. मेंढक्याला 'राम राम मामा' म्हणा, बसा, फोटो काढू का विचारा आणि नाही म्हणाले तर आनंदाने गप्पा मारून उठा. हो म्हणाले तर उन्हं उतरेपर्यंत थांबा. मेंढरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडायची वेळ आणि सूर्य क्षितिजापासून मुठीएवढा वर उरण्याची वेळ साधारण एकच असते. तेव्हा वाड्यापासून उत्तरेला नाहीतर दक्षिणेला दोनशे पावलं चालत जा, म्हणजे ऊन बाजूने पडेल. मग ७०-२०० लावा आणि मागे वळून बघा. आलेले फोटो मला पाठवा. त्यांतल्या एकाचा प्रिंट काढून पुढच्या दिवाळीला त्याच टपरीवर ठेवून या, मामांपर्यंत तो पोचतो. माझे सहा पोचलेत.